'औषध' या शब्दाची गोष्ट

'औषध' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. तो आला संस्कृतातल्या 'ओषधी'वरून. ओषधी म्हणजे वनस्पती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 97 व्या सूक्तात ओषधींना आई म्हणून हाक मारली आहे. फळ पिकलं की जी वाळून जाते ती ओषधी, असं अमरकोश सांगतो. म्हणजे आपला भात, आपली ज्वारीसुद्धा ओषधीच!

पुढे शेतात फवारणी आली आणि कीटकनाशकालाही आपण औषधच म्हणू लागलो. बाळाला पाजतो ते औषध, कपाशीवर मारतो तेही औषध. 'त्यानं औषध घेतलं' असं कानावर आलं, तर काळजात धस्स होतं.

आमच्या गटाच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा कळलं, काही घरांत दोन्ही बाटल्या एकाच फळीवर होत्या. आता आम्ही ठरवलंय, फवारणीच्या बाटलीला विषच म्हणायचं आणि ती कुलपात ठेवायची. लेबलावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवंही विषच, बरं का! औषध हे नाव आईसारख्या झाडपाल्यालाच राहू द्या.