मणक्यातील पाण्याची गळती: धोके आणि उपचार

सिझेरियन होऊन तीन-चार दिवस झाले आहेत. आडवे पडले की बरे वाटते, पण बाळाला पाजायला उठून बसले की थोड्याच वेळात डोके आणि मान ठणकू लागते. घरातले म्हणतात, 'अशक्तपणा आहे, कानाला वारं लागलंय.' वाघोलीतल्या माझ्या दवाखान्यात असे रुग्ण बहुधा दुकानातून आणलेल्या गोळ्या संपल्यावर येतात. उठल्यावर वाढणारी आणि झोपल्यावर कमी होणारी डोकेदुखी ही मणक्यातील पाणी गळत असल्याची मोठी खूण आहे. डॉक्टरांना ती नेमकी याच शब्दांत सांगा.

नेमके काय होते?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती सीएसएफ नावाचे स्वच्छ पाणी असते. मोठ्या माणसात ते साधारण १५० मिली असते आणि रोज सुमारे ५०० मिली नवे तयार होते. ते धरून ठेवणाऱ्या आवरणाला छिद्र पडले की पाणी झिरपते आणि उभे राहिल्यावर मेंदूचा आधार कमी पडतो.

कारणे

- कमरेत दिलेली भूल किंवा पाठीतले पाणी काढून केलेली तपासणी
- मणक्याची शस्त्रक्रिया किंवा अपघात
- मणक्याचे वाढलेले हाड टोचणे. कधी आवरण आपोआपही फाटते

१८९८ मध्ये जर्मन सर्जन ऑगस्ट बिअर यांनी स्वतःच्या पाठीत सुई घेतली, तेव्हा त्यांनाही हीच डोकेदुखी झाली होती. आता बारीक, बोथट टोकाच्या सुयांमुळे हा त्रास बराच कमी झाला आहे. भूल दिल्यावर उशी न घेता पडून राहिल्याने मात्र तो टळत नाही.

इतर लक्षणे आणि धोके

मळमळ, मान आखडणे, कानात आवाज, कमी ऐकू येणे, एकाचे दोन दिसणे. गळती लांबली तर मेंदूभोवती रक्त साचू शकते. क्वचित मेंदूच्या शिरेत गुठळी होते. शस्त्रक्रियेच्या जखमेतून पाणी बाहेर येत असेल तर मेंदूज्वराचा धोका असतो.

तपासणी

भुलीनंतरची डोकेदुखी बहुतेक वेळा लक्षणांवरूनच ओळखता येते. आपोआप झालेल्या गळतीत मेंदू आणि मणक्याचा एमआरआय करतात. तो नॉर्मल आला म्हणून गळती नाहीच, असे मात्र होत नाही.

उपचार

भुलीनंतरची गळती बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप भरते. तोवर आराम, पुरेसे पाणी आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके घ्या. चहा-कॉफीने थोडा वेळ आराम पडतो. अंगावर पाजत असाल तर प्रमाण बेताचे ठेवा.

त्रास जास्त असेल तर 'ब्लड पॅच' करतात. तुमच्याच हातातून साधारण १५ ते २० मिली रक्त काढून पाठीत, आवरणाच्या बाहेरच्या जागेत सोडतात. ते गोठून छिद्र झाकते. १९६० पासून ही पद्धत वापरात आहे आणि अनेकांना काही तासांत आराम पडतो. कधी दुसऱ्यांदा करावा लागतो. नंतर काही दिवस वाकणे, जड उचलणे, जोर काढणे टाळा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. पॅचनंतर झोपल्यावर वाढणारी डोकेदुखी सुरू झाली तर कळवा. पाण्याचा दाब वाढलेला असू शकतो.

पॅचने भागले नाही तर गळतीची जागा शोधून शस्त्रक्रिया करतात.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

- डोकेदुखी झोपल्यावरही थांबेनाशी झाली
- ताप आणि मान ताठ होणे
- झटका, गुंगी, असंबद्ध बोलणे
- हात-पाय लुळे पडणे. ब्लड पॅचनंतर पाय बधिर होणे किंवा लघवी अडणे

अशा वेळी १०८ वर फोन करा, रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. भूल कधी आणि कशी दिली होती, हे लिहिलेला डिस्चार्ज कागद सोबत घ्या. डॉक्टरांचा अर्धा शोध त्याच कागदावर संपतो.