विरोधी पक्षनेत्याची खुर्ची

उर्दूत विरोधी पक्षाला 'हिज्ब-ए-इख्तिलाफ' म्हणतात. इख्तिलाफ म्हणजे मतभेद, अदावत नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र विरोधक म्हणजे सरकारचा वैरी असेच वाटते. मोठ्यांचाही समज फारसा वेगळा नसतो. म्हणून या पदाचा इतिहास पाहणे गरजेचे आहे.

1952 च्या पहिल्या लोकसभेत 489 पैकी 364 जागा काँग्रेसच्या होत्या. विरोधकांत सर्वांत मोठा असलेला कम्युनिस्ट पक्ष 16 जागांवर होता. सभागृहाच्या एक-दशांश सदस्य असल्याशिवाय पक्षाला मान्यता नाही, असा दंडक सभापती मावळंकरांनी घातला. त्यामुळे ए. के. गोपालन यांच्यासारखा लढाऊ नेता असूनही अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता. काँग्रेस फुटल्यावर 1969 मध्ये राम सुभग सिंह हे पहिले मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेते झाले. तरीही कायद्याचा आधार नव्हताच.

तो आला 1977 मध्ये. जून 1975 मध्ये आणीबाणी लागताच विरोधी नेते तुरुंगात गेले. त्यात आपल्या कोकणातील राजापूरचे खासदार मधु दंडवतेही होते. त्या काळात यशवंतराव चव्हाण केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. मार्च 1977 मध्ये मतदारांनी पारडे फिरवले. काँग्रेस 154 जागांवर आली, दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि चव्हाण विरोधी बाकांवर बसले.

तुरुंगातून सत्तेवर आलेल्यांना सूड घेण्याची संधी होती. आणीबाणीची चौकशी त्यांनी जरूर लावली. पण त्याच वर्षी विरोधी पक्षनेत्याला वेतन, घर व सुविधा देणारा कायदाही केला. ब्रिटनमध्ये असे वेतन 1937 पासून होते. आपल्याकडे पराभूताचा हक्क विजेत्यांनी कायद्यात लिहिला, तोही ज्यांच्या राजवटीत कैद भोगली त्यांच्यासाठी! जुलै 1979 मध्ये चव्हाणांनीच मोरारजी देसाई सरकारवर अविश्वास ठराव आणला आणि मोरारजींनी राजीनामा दिला. हेही लोकशाहीच्या रीतीनेच झाले.

विरोधी पक्षनेत्याचे काम केवळ भाषणाचे नाही. सरकारकडे हिशेब मागणे आणि पर्याय म्हणून तयार राहणे, ही त्याची जबाबदारी. मानवी हक्क आयोग, माहिती आयोग, दक्षता आयोग यांच्या निवड समित्यांवरही कायद्याने त्याला जागा आहे.

खुर्ची रिकामी राहिली की काय होते? 2014 ते 2024 लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता. लोकपाल कायदा 2013 चा. पण निवड समितीत विरोधी पक्षनेता नाही, हे कारण पुढे करत नेमणूक रखडली. यासाठी थांबण्याची गरज नाही, असे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तरी पहिला लोकपाल 2019 मध्ये आला. 2024 मध्ये राहुल गांधींच्या रूपाने लोकसभेतील खुर्ची भरली. त्याच वर्षी महाराष्ट्र विधानसभेत मात्र एकाही विरोधी पक्षाला एक-दशांश जागा मिळाल्या नाहीत.

ज्या समाजाची संख्या थोडी, त्याला या खुर्चीचे मोल अधिक कळायला हवे. बहुमत राज्य करणारच, तो त्याचा हक्क आहे. पण थोड्यांचा आवाज ऐकला जाईल की नाही, हे सभागृह त्या एका खुर्चीला किती मान देते यावरून ओळखावे. सत्ता आज याची, उद्या त्याची. 1977 च्या माणसांनी हे ओळखले होते.