टँगो-शिष्टाचार, आर्जेन्टिनी

टँगो-शिष्टाचार, आर्जेन्टिनी : रिओ दे ला प्लाताच्या मुखाशी वसलेल्या ब्युनॉस आयर्स व माँटेव्हिडिओ या दोन नगरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या टँगो या युगुलनृत्याच्या मेळाव्यांत आमंत्रण, नकार, रंगणावरील वर्तन व अध्यापन यांविषयी पाळावयाचे संकेत. या मेळाव्यास ‘मिलोंगा’ व संकेतांस ‘कोदिगोस’ म्हणतात. ते कोणा संस्थेने फर्मान काढून लागू केलेले नाहीत. साधारणतः १९३५ ते १९५५ या वैभवकाळात पेठापेठांतील क्लबांमध्ये रूढ झालेला तो दस्तूर आहे, आणि त्याच्या बहुतेक कलमांच्या मुळाशी एकच चिंता दिसते : परक्या माणसास आलिंगन देण्याचे निमंत्रण करावयाचे आणि ते नाकारले गेले तरी चारचौघांत कोणाचीही मानहानी होऊ द्यावयाची नाही.

ही चिंता ‘काबेसेओ’ या रीतीत सर्वांत स्पष्ट दिसते. मेळाव्यातील संगीत तीन वा चार रचनांच्या गुच्छांत, म्हणजे ‘तांदां’त, वाजविले जाते व दोन तांदांमध्ये ‘कोर्तिना’ नावाचा, टँगोशी संबंध नसलेला एखादा संगीतखंड येऊन रंगण मोकळे होते. तांदातील रचना बहुधा एकाच वाद्यवृंदाच्या असल्यामुळे पहिले काही सूर ऐकताच जाणकार नर्तक ठरवितो, की वाद्यवृंदप्रमुख दारिएन्सोच्या खणखणीत ठेक्यासाठी अमकी, तर दि सार्लीच्या वाद्यवृंदाच्या संथ, भारदस्त चालीसाठी तमकी जोडीदारीण हवी. मग तो जागेवरूनच तिच्याकडे पाहतो. तिनेही नजर दिली तर तो मान किंचित लववितो, ती मान हलवून रुकार देते, आणि तो रंगणाच्या कडेने तिच्या मेजापर्यंत येतो. तोवर ती उठत नाही, कारण तो इशारा शेजारणीसाठी असण्याचा संभव असतो आणि त्या घोटाळ्यात दोघींची फजिती होते. नाकारावयाचे असल्यास नजर अन्यत्र वळविली की पुरे. विचारले गेले नाही तेथे नकारही दिला गेला नाही, अशी ही तजवीज असून, स्त्री यात निवडीची वाट पाहत बसते हा बाहेरच्या प्रेक्षकाचा समज अर्धाच खरा आहे. तिने नजर दिल्यावाचून पुरुषास एक पाऊलही टाकता येत नाही. तथापि रात्रभर एकही इशारा न येता बसून राहावे लागणे, ज्याला तेथील बोलीत ‘प्लांचार’ म्हणतात, ते दुःख या तजविजीने टळलेले नाही. मेजांची वाटणी यजमान करतो. परंपरानिष्ठ सभागृहांत स्त्रिया एका बाजूस, पुरुष दुसऱ्या बाजूस आणि जोडपी वेगळी बसतात, व जोडप्यांस सहसा कोणी इशारा करीत नाही.

स्वीकारलेला तांदा शेवटपर्यंत नाचावा असा रिवाज आहे. मध्येच ‘ग्रासियास’, अर्थात आभार, म्हणणे म्हणजे नृत्य तेथेच संपविणे होय. हे ठाऊक नसलेला नवशिका पहिल्याच गीताअंती सौजन्याने आभार मानतो आणि जोडीदारीण आपल्या मेजाकडे का चालली, हे त्याला उमगत नाही. एकाच व्यक्तीबरोबर तांद्यामागून तांदा नाचणे हे जुन्या मंडळींत नृत्यापलीकडील आस्थेचे चिन्ह समजले जाई.

रंगणावरील प्रवाह, ‘रोंदा’, अप्रदक्षिण दिशेने फिरतो. पुढील जोडीस ओलांडू नये, मागे पाऊल टाकताना मागच्याची जागा बळकावू नये, आणि वाटेत शिरताना येणाऱ्या जोडीतील दिशा देणाऱ्याची नजर घेऊन त्याची मुभा मिळवावी, हे त्याचे मुख्य नियम. ‘तांगो आर्जेन्तिनो’ हा प्रयोग १९८३ मध्ये पॅरिसमध्ये व १९८५ मध्ये ब्रॉडवेवर गाजल्यानंतर जगभर जी टँगोची लाट उसळली, तिच्याबरोबर रंगमंचावरील उंच लाथाही सभागृहांत शिरल्या. गर्दीत त्या झाडणाऱ्यास कसबी नव्हे, बेजबाबदार समजले जाते.

जोडीतील भूमिका दोन : दिशा सुचविणारा अग्रणी व तीस प्रतिसाद देणारा अनुगामी. नृत्य पूर्वरचित नसून तत्क्षणी घडत असल्याने अग्रणीची सूचना, ‘मार्का’, छातीच्या व देहभाराच्या सूक्ष्म हालचालीतून द्यावी लागते, हाताने ओढून किंवा ढकलून नव्हे. आणि अनुगामीने तिचा अर्थ लावून, पावलास स्वतःची लय व अलंकरण देऊन, उत्तर करावयाचे असते. यास हुकूम व ताबेदारीचे नाते मानणाऱ्यांनी टँगो बहुधा खुर्चीवरूनच पाहिलेला असतो. जुन्या पिढीतील कित्येक पुरुष प्रथम पुरुषांच्याच सरावमंडळींत अनुगामीची बाजू शिकत व मगच मेळाव्यात स्त्रीस निमंत्रण देण्याचे धाडस करीत. भूमिका लिंगाशी बांधलेल्या नसाव्यात हा आग्रह धरणाऱ्या क्विअर टँगोचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव २००१ मध्ये हॅम्बुर्ग येथे भरला व पुढे खुद्द ब्युनॉस आयर्समध्येही असे मेळावे सुरू झाले.

अध्यापकाचे वर्तन हा या संहितेचा सर्वांत नाजूक भाग. मेळाव्यात शिकवू नये, चूक दाखवू नये, हा नियम सर्वमान्य आहे. दुरुस्तीची जागा वर्ग किंवा ‘प्राक्तिका’, म्हणजे खुला सराव. न विचारता उपदेश करणारा इसम क्वचितच उत्तम नर्तक असतो, आणि कधी कधी तो खाजगी शिकवणीसाठी गिऱ्हाईक शोधीत असतो. परंतु खरी अडचण अधिकृत गुरूच्या बाबतीत उद्भवते. अध्यापनासाठी सक्तीचा परवाना नसल्याने प्रतिष्ठा हीच सनद ठरते. स्पर्श हे विषयाचे साधनच असल्याने वावग्या स्पर्शास शिक्षणाचे नाव देणे सोपे जाते. आणि नजर वळवून नकार देण्याची जी सोय मेळाव्यात सर्वांस आहे, ती शिष्येस गुरूपुढे उरत नाही. म्हणून स्पर्शापूर्वी विचारणे, वर्गात जोडीदार बदलत ठेवणे, एकाच शिष्येवर मेहेरनजर न करणे व तिचा नकार शिक्षणाच्या आड येऊ न देणे, ही पथ्ये विवेकी अध्यापक पाळतात. २०१५ पासून आर्जेन्टिनात ‘नी उना मेनोस’ या स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या चळवळीने जोर धरल्यानंतर टँगो-वर्तुळातील स्त्रियाही संघटित झाल्या व मेळाव्यांतील गैरवर्तनाबाबत लेखी नियमावल्यांची मागणी पुढे आली. अशी नियमावली स्वीकारणाऱ्या मेळाव्यात तक्रार ऐकून घेण्याची जबाबदारी यजमानावर असते, मग ती ज्याच्याविरुद्ध आहे तो नावाजलेला गुरू का असेना.