फाइल कुणाच्या नावाची?

डॉक्टर बदलायचा म्हटलं की आपल्या घरांत पहिलं काम असतं पिशवी शोधण्याचं. साडीच्या दुकानाची नाहीतर मेडिकलवाल्याने दिलेली. आत एक्स-रे, लॅबचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि कुणालाच न वाचता येणारी चार प्रिस्क्रिप्शन्स. नवे डॉक्टर विचारतात, "जुने पेपर आणलेत का?" जुन्या डॉक्टरांकडून मागवून घेतो, असं कुणी म्हणत नाही. तशी सोय नाही, आणि ती नसल्याचं कुणाला नवलही वाटत नाही. मला वाटायला लागलं, कारण एका सिस्टिममधला डेटा न सांडता दुसरीत नेणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. म्हणून इतरांनी हे कसं जमवलं ते वाचायला घेतलं.

सुरुवात अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावातून करावी लागते. तिथल्या मेयो क्लिनिकमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक डॉक्टर स्वतःच्या वहीत नोंदी ठेवायचा. पेशंट आज पोटासाठी एकाकडे आणि पुढच्या महिन्यात डोळ्यांसाठी दुसऱ्याकडे गेला, की त्याची हकीकत दोन वह्यांत विभागली जायची. हेन्री प्लमर नावाच्या डॉक्टरने १९०७ साली हे मोडलं. प्रत्येक पेशंटला एक नंबर, आणि त्या नंबरची एकच फाइल. कुणीही तपासलं तरी नोंद तिथेच. १९१४च्या नव्या इमारतीत तर फाइली या खोलीतून त्या खोलीत नेणारी यांत्रिक व्यवस्थाच बसवली होती. आमच्या भाषेत सांगायचं तर प्लमरने प्रायमरी की बदलली: डॉक्टर काढला, पेशंट घातला. आज हे इतकं उघड वाटतं की यात शोध कसला, असा प्रश्न पडेल. पण आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डोकावलात तर १९०७ अजून उजाडायचं आहे.

अर्थात मेयोमध्ये सगळे डॉक्टर एकाच छपराखाली होते. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन डॉक्टरांमध्ये फाइल कशी फिरणार? त्याचं उत्तर ब्रिटनमध्ये सापडलं, तेही जवळजवळ योगायोगाने. लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असताना १९११ साली तिथे राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. विमा असलेल्या कामगाराने आपल्या भागातल्या एका डॉक्टरच्या यादीत नाव घालायचं, आणि डॉक्टरला यादीतल्या डोक्यांप्रमाणे पैसे मिळायचे. म्हणजे कोण कुणाच्या यादीत आहे, हे पैसे देणाऱ्याला ठाऊक असणं भाग होतं. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. पेशंटने डॉक्टर बदलला ही खबर हिशेबासाठी तशीही वर जातच होती. फाइल त्याच वाटेने पाठवता आली.

फाइल म्हणजे तरी काय, एक जाड कागदाचं पाकीट. साधारण ७ बाय ५ इंच. त्याला आजही 'लॉइड जॉर्ज पाकीट' म्हणतात. १९४८ साली एनएचएस आली आणि बायका-मुलांसकट सगळ्यांचीच पाकिटं झाली. डॉक्टर बदलला की जुन्याने पाकीट मधल्या कार्यालयाकडे पाठवायचं, तिथून ते नव्याकडे. कैक आठवडे लागायचे. पुढे हॉस्पिटलची पत्रं मोठ्या कागदावर येऊ लागली, आणि घड्या घालघालून पाकिटं फुगली.

यात एक गंमत अशी की पाकीट पेशंटमागे फिरायचं, पण पेशंटच्या हातात यायचं नाही. मालकी सरकारची. कागदी नोंदी स्वतः वाचण्याचा कायदेशीर हक्क तिथल्या सर्वसामान्य पेशंटला मिळाला १९९१च्या नोव्हेंबरात, आणि तोही त्यानंतर लिहिलेल्या नोंदींपुरता. शिवाय ही साखळी तुटायचीही. डॉक्टर बदललेल्या पेशंटची पत्रं जुन्याच पत्त्यावर गेली तर ती योग्य जागी पोहोचवायचं काम एका कंपनीकडे होतं. २०१७च्या सरकारी लेखापरीक्षणात निघालं, की अशी ७ लाखांवर पत्रं वर्षानुवर्षं नुसती साठून राहिली होती.

आपल्याकडे बरोबर उलटं. आपण फी जागच्या जागी देतो, यादी कुणी ठेवत नाही, त्यामुळे नोंदी पाठवण्याचं कारणच कुणाला नाही. कुरिअर आपणच. ओपीडीचा कागद आपल्या हातात मिळतो, वाचता येतो (अक्षर लागलं तर), आणि कुठल्याही डॉक्टरकडे नेता येतो. ब्रिटिश पेशंटला जे १९९१पर्यंत नव्हतं, ते आपल्याकडे पिशवीत पडलेलं असतं. फक्त जे जपलं तेवढंच.

आणि सगळं जपता येत नाही. माझ्या आत्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा नव्या कार्डिओलॉजिस्टनी पहिल्यांदा जुना ईसीजी मागितला. आताच्या पट्टीत दिसणारा बिघाड आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, यावर पुढचं सगळं ठरतं. नवा असेल तर धावपळ, जुना असेल तर थोडी उसंत. आत्याने पट्टी नीट घडी घालून ठेवली होती. पण तो थर्मल कागद. तारखेसकट पुसट होऊन नुसता पिवळा तुकडा उरला होता. जिथे तो काढला त्या हॉस्पिटलमध्ये विचारलं, तर इतकं जुनं ठेवत नाही म्हणाले.

नियमाने ते बरोबरच होते. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांनुसार ॲडमिट झालेल्या पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायची, आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची. त्याआधी १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं होतं, की पेशंटने किंवा जवळच्या नातेवाइकाने मागितल्यास केसपेपरच्या प्रती द्यायलाच हव्यात. त्यामुळे काउंटरवर कुणी "आम्ही पेपर देत नाही" म्हणालं, तर वाद घालू नका. अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ७२ तास तिथून मोजायचे. आणि हे ३ वर्षं उलटायच्या आत करा.

२०२१च्या सप्टेंबरपासून देशभर आलेला आभा नंबर म्हणजे प्लमरचीच कल्पना, १४ आकड्यांत. रचना मला आवडली: नोंदी एका मोठ्या सरकारी गोदामात जात नाहीत, ज्या हॉस्पिटलच्या त्या तिथेच राहतात, आणि तुम्ही मोबाइलवर संमती दिलीत की नव्या डॉक्टरला दिसतात. पण जोडायला दुसऱ्या टोकाला काहीतरी असावं लागतं. आत्याच्या फॅमिली डॉक्टरांकडे कॉम्प्युटर नाही. तिच्या आभा ॲपमध्ये आज जे काही आहे, ते एका रविवारी तिच्या पिशवीतला एकेक कागद फोनवर स्कॅन करून मीच चढवलेलं आहे. पिवळ्या तुकड्याचाही फोटो काढला. त्यात काहीच दिसत नाही.