शय्यामूत्र : आहार आणि वजन (बुलढाणा जिल्हा)

पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला झोपेत नकळत लघवी होणे म्हणजे शय्यामूत्र. त्याहून लहान वयात ही तक्रार धरत नाहीत. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदीय ग्रंथातील बालरोगांत तिची नोंद आहे. पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के आणि दहाव्या वर्षी ५ टक्के मुलांत ती आढळते. मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर सुमारे ४४ टक्के आणि दोघांनाही असेल तर ७७ टक्के मुलांत तो उतरतो. रात्री लघवी जास्त तयार होणे, मूत्राशयात ती कमी मावणे आणि ते भरल्यावरही जाग न येणे ही त्याची मुख्य कारणे. हा आळस नव्हे आणि खोडीही नव्हे. त्यामुळे मार देऊन किंवा ओली गोधडी चारचौघांत दाखवून काही साधत नाही.

आहाराचा सर्वांत थेट संबंध बद्धकोष्ठाशी आहे. मलाने फुगलेले गुदाशय पुढच्या मूत्राशयावर दाबते आणि त्यातली जागा कमी होते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बद्धकोष्ठ बरे झालेल्या मुलांपैकी ६३ टक्के मुलांचे रात्रीचे अंथरूण ओले होणे थांबले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी-मेथीची भाजी हे जिल्ह्यातले जुने जेवण या दृष्टीने उत्तम. अडचण येते ती भाकरीची जागा टोस्ट, खारी आणि पाच रुपयांच्या पुड्यांनी घेतली की. मूल रोज परसाकडे जाते एवढ्यावर समाधान मानू नये. मल खड्यासारखा आहे का, हे विचारावे.

लहान मुलांना चहा देण्याची पद्धत सर्रास आहे. चहातील कॅफिन लघवी वाढवते, म्हणून निदान संध्याकाळचा चहा बंद करावा. पाणी मात्र तोडू नये, त्याची वेळ बदलावी. शाळेतले स्वच्छतागृह नको म्हणून मूल दिवसभर पाणी टाळते आणि घरी आल्यावर तांब्याने पिते. हे चक्र उलटवायचे. दिवसाच्या पाण्याचा जेमतेम पाचवा हिस्सा संध्याकाळनंतर असावा. रात्री तीळगूळ खाऊ घालण्याचा घरगुती उपाय निरुपद्रवी आहे, पण तो लागू पडतो याला भक्कम पुरावा नाही.

वजनाबाबत पाश्चात्त्य पुस्तके लठ्ठपणावर बोट ठेवतात. लठ्ठ मुलांत घोरणे व झोपेत श्वास अडखळणे जास्त, आणि त्यातून रात्रीची लघवी वाढते. टॉन्सिल वाढलेले असतील तर बारीक मूलही घोरते आणि त्यालाही हा त्रास होऊ शकतो. महाराष्ट्राचे चित्र मात्र वेगळे: २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के बालके कमी वजनाची होती. अशा मुलाला ‘वजन कमी कर’ सांगणे निरर्थक. उलट वजन घटणे हीच धोक्याची खूण. सहा महिने कोरडे झोपणारे मूल पुन्हा अंथरूण भिजवू लागले, सारखे पाणी मागू लागले आणि वाळत चालले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. हा बालमधुमेह असू शकतो. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात, विशेषतः जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, मूत्रपिंडाचे विकार बरेच आढळतात. तेथील मुलाच्या चेहऱ्यावर सूज असेल किंवा दिवसाही लघवी आवरत नसेल, तर लघवीची तपासणी टाळू नये. ही तपासणी अनेकदा राहून जाते, कारण विषय लाजेचा.

उपचारांत ओल लागताच वाजणारा गजर सर्वांत टिकाऊ. तो दोन-तीन महिने नेटाने लावल्यास साधारण दोन-तृतीयांश मुले कोरडी होतात. मात्र घरातल्या कुणीतरी उठून मुलाला जागे करावे लागते, आणि एकाच खोलीत सगळे झोपतात तिथे तो सर्वांचीच झोप मोडतो. डेस्मोप्रेसिनची गोळी लवकर गुण देते, म्हणून लग्नकार्य किंवा वसतिगृहातील मुक्कामासाठी सोयीची; परंतु ती घेण्याआधी एक तास आणि नंतर आठ तास पाणी जवळजवळ बंद ठेवावे लागते, नाहीतर रक्तातील सोडियम घसरून झटके येऊ शकतात.