चाचा कोणास म्हणावे?

चाचेगिरीच्या इतिहासात चाच्यांची नावे उरतात. त्यांचा पाठलाग करणारी जहाजे मात्र विस्मृतीत जातात. अमेरिकी नौदलाचे 'अ‍ॅलिगेटर' हे त्यांपैकीच एक. १८२० साली बॉस्टनच्या गोदीत बांधलेले, दोन डोलकाठ्यांचे, बारा तोफांचे हे स्कूनर जेमतेम ८६ फूट लांबीचे होते. त्याचे आयुष्य दोन वर्षांचे. परंतु चाचा कोणास म्हणावे, हा प्रश्न त्या अल्पावधीत त्याच्यापुढे तीन वेळा उभा राहिला, म्हणून आम्हांस ते महत्त्वाचे वाटते.

ज्या वर्षी हे जहाज पाण्यात उतरले, त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने गुलामांच्या सागरी व्यापारास चाचेगिरी ठरवून त्यास देहदंड सांगितला. माल लुटणारा आणि माणसे पळवणारा, दोघेही कायद्याने एकाच पंक्तीत बसले. त्यानुसार लेफ्टनंट रॉबर्ट स्टॉकटन 'अ‍ॅलिगेटर' घेऊन १८२१ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले आणि फ्रेंच निशाण लावलेली गुलामवाहू जहाजे त्यांनी पकडली. त्यांपैकी एकाचा निवाडा करताना न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी हा व्यापार राष्ट्रांच्या कायद्याविरुद्ध असल्याचे म्हटले. जहाज मात्र फ्रेंच सरकारच्या हवाली झाले. पुढे १८२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा व्यापार आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार चाचेगिरी नव्हे, असाच निर्णय दिला.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर १८२१ मधला. 'मारियाना फ्लोरा' या पोर्तुगीज जहाजाने जवळ येणाऱ्या 'अ‍ॅलिगेटर'लाच चाचा समजून तोफ डागली. स्टॉकटन यांनीही त्या जहाजास चाचा ठरवून पकडले. खटला १८२६ पर्यंत चालला. पोर्तुगीज चाचे ठरले नाहीत आणि स्टॉकटनही दोषी ठरले नाहीत. मुंबईकर इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हटल्याचे ज्यांस ठाऊक आहे, त्यांना हा शब्द किती सोयीचा असतो, हे वेगळे सांगावयास नको.

तिसऱ्या प्रसंगी मात्र संशयास जागा नव्हती. ९ नोव्हेंबर १८२२ रोजी क्यूबातील मातांझासजवळ चाच्यांनी व्यापारी जहाजे धरून ठेवली होती. लेफ्टनंट विल्यम हॉवर्ड अ‍ॅलन होड्यांत माणसे घालून, वल्ही मारीत त्यांच्यावर चालून गेले. जहाजे सुटली, चाच्यांचे एक स्कूनर हाती लागले. पण दोन गोळ्या लागून अ‍ॅलन मरण पावले. दहाच दिवसांनी व्यापारी तांड्यास सोबत करीत असता 'अ‍ॅलिगेटर' फ्लोरिडाच्या प्रवाळखडकावर चढले. ते चाच्यांच्या हाती पडू नये म्हणून खलाशांनीच त्यास आग लावली. तो खडक आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

अ‍ॅलन यांच्या मृत्यूनंतर सरकार खडबडून जागे झाले. १८२३ साली कमोडोर डेव्हिड पोर्टर उथळ पाण्यात शिरू शकणारी लहान जहाजे घेऊन की वेस्टला आले, आणि काही वर्षांत कॅरिबियन समुद्रातील लूटमार ओसरली. आणि त्या दुसऱ्या चाचेगिरीचे काय झाले? १८२० च्या कायद्याखाली फाशी गेलेला पहिला आणि एकमेव मनुष्य म्हणजे कप्तान नॅथॅनिएल गॉर्डन. त्यास १८६२ साली न्यूयॉर्कमध्ये फाशी झाली. म्हणजे मध्ये तब्बल बेचाळीस वर्षे गेली.

लुटलेल्या मालाला मालक असतो, तो दाद मागतो. तळघरात कोंबलेल्या माणसांना कायदा मालच समजत असेल, तर त्यांच्या वतीने दाद कोणी मागावी? 'अ‍ॅलिगेटर'ने दोन्ही प्रकारचे चाचे पकडले. शासनाने एकालाच मनापासून चाचा मानले, असे आम्हांस वाटते.