कुलपाचं गुपित

नांदेड जिल्ह्यातला कंधारचा किंवा लातूर जिल्ह्यातला उदगीरचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. खंदक, तट, बुरूज. सारं चालून येणाऱ्या शत्रूलाही दिसत असे. बांधणाऱ्यांनी ते लपवलं नाही. दिसत असूनही ओलांडता येऊ नये, हीच त्या बांधणीची ताकद. संगणकाच्या सुरक्षिततेतला एक जुना वाद नेमका याच मुद्द्यावर आहे.

1851 साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आला. अभेद्य म्हणून गाजलेलं चब यांचं कुलूप त्याने सुमारे 25 मिनिटांत किल्लीशिवाय उघडलं. ब्रामा यांच्या कुलपाने त्याला 50 तासांहून जास्त झुंजवलं, पण तेही उघडलंच. लोक धास्तावले. हे चारचौघांत दाखवलं तर चोर शिकतील ना! हॉब्जचं म्हणणं उलट होतं : चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा.

1883 साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने लष्करी सांकेतिक संदेशांसाठी हाच नियम मांडला. संदेश लपवण्याची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. ते चालतं त्या मूळ सूचनांना सोर्स कोड म्हणतात. काही कंपन्या तो कुलूपबंद ठेवतात. उलट 1991 साली सुरू झालेल्या लिनक्सचा कोड कुणालाही वाचता येतो. आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे.

कोड बंद असला की फटी झाकल्या जातात का? जून 2017 मध्ये न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल संगणकीय हल्ल्याने ठप्प झालं. त्या हल्ल्यातलं एक हत्यार विंडोजमधल्या फटीवर बेतलेलं होतं. ही फट अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला आधीपासून माहीत होती. तिचं ते हत्यार पुढे चोरीला गेलं. मार्चमध्ये दुरुस्ती निघाली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. हेरांना जे ठाऊक होतं, ते वापरणाऱ्यांना इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. हॉब्जचीच गोष्ट!

पण नुसतं उघडं ठेवून भागत नाही. ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ नावाची चूक दोन वर्षं कुणाच्या ध्यानात आली नाही. ती उघडकीला आली 2014 मध्ये. ग्रामसभेत हिशेब ठेवला, पण वही कुणी चाळलीच नाही, तसं झालं.

मार्च 2024 मध्ये मात्र वही चाळणारा भेटला. लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी, आधी विश्वास कमावून, चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. सारं उघडं असल्यामुळे त्याला माग काढता आला आणि बहुतेक संगणकांपर्यंत पोहोचण्याआधीच तो दरवाजा बंद झाला.

आपल्या गावची पतसंस्था, नगरपालिका, शाळा नवं सॉफ्टवेअर घेतात, तेव्हा किंमत विचारली जाते. आणखी एक प्रश्न विचारायला हवा : विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणी हे आतून तपासलंय का? पतसंस्थेत पैसा आपला असतो. तो ज्या कुलपात ठेवलाय, ते पारखून घ्यायचा हक्कही आपलाच.